तू विचारलेस कुठे?

कोंबड्या पाळण्याचे आमच्या घरी ठरले, तेव्हा मी नववीत होते आणि या विषयातील घरातली सर्वांत जाणती व्यक्ती मीच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कारण उघड होते. मी त्यावरील एक पुस्तक वाचले होते. आजीने ते वाचले नव्हते. तिने केवळ लग्नापूर्वी माहेरी कोंबड्या सांभाळल्या होत्या.

बेळगावातील आमच्या घरामागे लहानसे परस आहे. मेथी, कोथिंबीर, मिरची आणि विहिरीच्या कडेला अळू, असे ते आजीचे राज्य. आजोबा गेल्यापासून तिचा दिवस त्या वाफ्यांतच उगवे आणि मावळे. "एखादी गावठी कोंबडी आण," एवढेच ती म्हणाली. परंतु गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते आणि लेगहॉर्न २५० हून अधिक, हा हिशेब माझ्या वहीत पक्का होता. मी हट्ट धरला आणि पावसाळा सरताच चार पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न तलंगा घरी आल्या.

ही जात मूळची इटलीची. अंगाने हलकी, चपळ आणि बुजरी. आमचे कमरेएवढे कुंपण त्यांना कुंपण वाटलेच नाही. एका सकाळी चौघीही मेथीच्या वाफ्यात उतरल्या. कोंबडी पाने खाते, त्याहून मोठा नाश ती पायांनी माती उकरून करते. मी धावत गेले, तोवर वाफाभर उपटलेली रोपे पसरली होती. आजी काही बोलली नाही. खाली बसून ती एकेक रोप पुन्हा मातीत खोचू लागली. ती रागावली असती, तर मला बरे वाटले असते.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मुंगसाने एक तलंग मारली. हिरव्यागार परसात तो पांढरा रंग दुरूनच डोळ्यांत भरत असे. अळूच्या पानांवर पडलेली तिची पिसे वेचताना माझ्या वहीतील सारे आकडे मला परके वाटू लागले.

उरलेल्या तिघींना राणीखेत रोगाची लस टोचून घेण्यासाठी मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तेथील डॉक्टरांनी सारी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "तुझा आकडा खोटा नाही, पण तो बंदिस्त जागेत मोजून खाद्य मिळणाऱ्या कोंबडीचा आहे. परसासाठी कोंबडी निवडताना आधी परस पाहावे." मग त्यांनी एकेका जातीचे गुणदोष समजावून दिले. झाबुआकडील कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती काटक खरी, पण अंडी थोडी. पायांवर पिसे असलेली कोचीन माती कमी उकरते. पण बेळगावच्या पावसात ती पिसे चिखलाने भरून जायची. बंगळूरला तयार झालेली गिरिराज मात्र अंगाने जड असल्याने फारशी उडत नाही, रंगीत पिसांमुळे झाडोऱ्यात चटकन दिसत नाही आणि घरच्या उष्ट्याखरकट्यावर, किड्यामुंग्यांवर बरेचसे भागवते. तिचा एक दोष म्हणजे ती सहसा खुडूक होत नाही; त्यामुळे पिल्लांसाठी दुसरी कोंबडी हवी.

लेगहॉर्न आम्ही जाळीचे मोठे खुराडे असलेल्या एका परिचितांना दिल्या. तीन गिरिराज आल्या आणि त्यांच्यासोबत आजीच्या पसंतीची एक तांबडी गावठी. ती आल्या दिवशीच आजीने कात्री घेऊन तिच्या एका पंखाची लांब पिसे कातरली.

"एकाच पंखाची का?" मी विचारले.

"दोन्हींची कातरली तर कशीबशी उडते. एकाची कातरली की तोल जातो आणि कुंपण ओलांडता येत नाही."

"मग हे तू आधी का सांगितले नाहीस?"

आजी हसली. "तू विचारलेस कुठे?"

फाल्गुनात ती गावठी खुडूक झाली. शेजारी कोंबडा आहे. तेथून आणलेली ११ अंडी आजीने तिच्याखाली ठेवली आणि २१ व्या दिवशी नऊ पिल्ले बाहेर आली. अंड्यांचा हिशेब मी अजूनही वहीत लिहिते. मात्र कोंबड्या परसात केव्हा सोडायच्या, कोणता वाफा केव्हा मोकळा होणार, हे रोज सकाळी आजीला विचारते आणि मगच खुराड्याचे दार उघडते.