आजी येणार म्हणून

दिल्लीत मराठी मुलं वाढवायची तर 'ळ' जाईल, अशी भीती सगळे घालतात. 'ळ' चिवट असतो. घरात दोन माणसं तो रोज उच्चारत असली की राहतो. बिनबोभाट जातं ते नपुंसकलिंग. हिंदीत ते नाहीच, त्यामुळे मुलं त्यातल्या शब्दांना जागा मिळेल तिथे बसवतात. 'माझा घर', 'माझी पुस्तक', 'थंडा पाणी'. सरकारी क्वार्टरच्या वाटपासारखं आहे हे: मागितलेलं मिळत नाही, रिकामं असेल ते मिळतं.

२०१८ साली आम्ही सरोजिनी नगरात राहत होतो. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, मी घरी बसून भाषांतरं करणारी, थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. मुलांच्या या भाषेचा मला फारसा ताप नव्हता. भाषा टिकवणं, मुळं जपणं असले शब्द मी इतक्या प्रस्तावनांमधून इकडचे तिकडे नेले आहेत की स्वतःच्या स्वयंपाकघरात ते उच्चारायचा धीर होत नाही. पण त्या उन्हाळ्यात वडील गेल्याला वर्ष झालं, आणि आईने दिवाळीनंतर दोन-तीन महिने आमच्याकडे यायचं कबूल केलं.

आई वाईची. वाई म्हणजे विश्वकोशाचं गाव. दिल्लीला कोणी मराठी बोलत नाही असं मी एकदा म्हटलं, तर तिने १९५४ सालचं साहित्य संमेलन काढलं होतं. ते दिल्लीत भरलं, आणि अध्यक्ष कोण, तर आमचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री. तिच्या लेखी तेवढ्यावर दिल्लीचा प्रश्न मिटला होता. तिचं स्वतःचं हिंदी मात्र रविवार सकाळच्या 'रामायण' मालिकेवर पोसलेलं. समजायचं सगळं; बोलायला गेली की भाजीवाल्यासमोर मध्येच 'किंतु' यायचं, आणि मग ती गप्प बसायची.

ती येणार म्हणजे दुपारभर मी कामाला बसल्यावर तिच्याशी बोलायला घरात दोनच माणसं, एक आठ वर्षांचं, एक पाच वर्षांचं. मुलांचं मराठी हा एका आठवड्यात अस्मितेचा विषय राहिला नाही. तो सोबतीचा झाला.

जुलैपासून घरात मराठी सक्तीची केली. एका हिंदी शब्दाला एक रुपया दंड. पहिल्याच दिवशी धाकटा शाळेतून आला आणि म्हणाला, "डबा खाली आहे." मी टेबलाखाली पाहिलं, दप्तराखाली पाहिलं. डबा माझ्या समोर होता, रिकामा. रुपया वसूल झाला. दुसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "मला भूक लागून राहिली आहे." मी हात पुढे केला, तर नवऱ्याने पेपर खाली ठेवला. नवरा अमरावतीचा. "यात काय चूक आहे? आमच्याकडे असंच म्हणून राहिले लोक, पिढ्यान्‌पिढ्या." वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे की नाही, या प्रश्नावर तुलनात्मक साहित्यातली एम.ए. काय बोलणार? रुपया परत करावा लागला. त्यातून थोरलीला भलताच शोध लागला. त्यानंतर कुठलाही हिंदी शब्द पकडला की ती शांतपणे सांगायची, "हे बाबांच्या गावचं मराठी आहे." आणि बाबा मान डोलवायचे. आठवड्याभरात दंडाची योजना बुडाली.

खाली मैदानात तर माझं काही चालतच नव्हतं. जिन्यातून मी हाक मारली की धाकटा खेळ सोडून ओरडायचा, "आई!" मुलं विचारायची, "कौन आई?" "आई!" "अरे, आई कौन?" "आई आई!" यावर एकदा खरीखुरी मारामारी झाली. दोन्ही पक्षांना वाटत होतं की समोरचा चिडवतोय.

आजीचा फोन रोज संध्याकाळी सातला. (घरात मुलं असली की आईची आजी होते, मीही तिला हल्ली आजीच म्हणते.) एकदा ती मला म्हणाली, "पोर वाळलंय का गं? काल खोकत होतं." फोन स्पीकरवर होता. धाकट्याचा चेहरा पडला. "मी खोकत होतो," तो म्हणाला. "मी 'तो' आहे. 'ते' नाही."

आता याला काय सांगायचं? मराठीने आपली सगळी लहान माणसं आणि लहान जनावरं नपुंसकलिंगात ठेवली आहेत. बाळ, मूल, लेकरू, पोर, वासरू, कोकरू, पिल्लू. अजून कोणी कोण झालेलं नाही, तोवर सगळी एका गोधडीत. हिंदीत 'बच्चा' जन्मताच पुल्लिंगी होतो, मग तो माणसाचा असो की चिमणीचा. 'लेकरू झोपलं' या दोन शब्दांपाशी मी एकदा अख्खी सकाळ घालवली आहे. 'बच्चा सो गया' यात माहितीची काही तूट नाही. पण 'झोपलं'मधला तो अनुस्वार, पांघरूण नीट करावं तसा, तो कुठेच बसेना. धाकट्याला मी एवढंच सांगितलं की आजीला जी माणसं फार आवडतात त्यांना ती 'ते' म्हणते. त्याने विचार केला. "मग आजी रागावली की मी 'तो' होतो?" होय, तंतोतंत. 'आला का तो दिवटा' यात लिंगाचा काही घोळ नसतो.

खरी अडचण पुढेच होती. मुलांच्या बोलण्यात 'आपण' नव्हतं. हिंदीच्या 'हम'ला दोघांनी 'आम्ही' हा एकच शब्द जोडून टाकला होता. "आई, आम्ही बाजारात जाऊया?" मी म्हणायची, "जा." "नाही, तू पण!" हे घरात चालून जायचं. पण त्या ६ ऑगस्टला सरोजिनी नगरचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, आणि मुलांनी फोनवर आजीला बेत ऐकवायला सुरुवात केली. "आजी, तू आलीस की आम्ही मेट्रोत बसू. आम्ही कुतुबमिनार बघू. आम्ही रोज जिलबी खाऊ."

"बरं," आजी म्हणाली. "आणि मी काय करू? दार लावून बसू?"

त्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तेव्हा हसली नाही. म्हणाली, "बघू गं, यायचं की नाही ते. तुमचं तुमचं चाललेलं असतं." मला ऐकू येत होतं ते 'हम'. तिला ऐकू येत होतं ते 'आम्ही'. वर्षभर एकट्या घरात राहिलेल्या बाईला कोणी 'आम्ही जिलबी खाऊ' म्हटलं, तर ते व्याकरण म्हणून ऐकायची सक्ती तिच्यावर कशी करणार?

मदत मिळाली ती समोरच्या घरातून. सरोजिनी नगर म्हणजे पूर्वीचं विनय नगर, सरकारी नोकरांची वसाहत, त्यामुळे प्रत्येक जिन्यात दोन-तीन राज्यं. तमिळ कुटुंबं इतकी की विनायकाचं देऊळही त्यांच्या पद्धतीचं आहे. आमच्या समोर एक तमिळ आजीबाई, त्यांची लेक, जावई आणि थोरलीच्या वर्गातली नात. या नातीला मी एकदा सहज विचारलं, तर तिच्याकडे दोन्ही होती. 'नाम' म्हणजे ऐकणारा धरून, 'नांगळ' म्हणजे ऐकणारा सोडून. मराठीत हा भेद द्रविड भाषांच्या शेजारामुळे टिकला असं काही अभ्यासक म्हणतात. शब्द आमचा संस्कृतच्या 'आत्मन्'कडून आलेला, पण तो असा वापरायची सवय बहुधा शेजाऱ्यांची. मी पुस्तकात वाचलेलं ते जिन्यात समोरासमोर राहत होतं.

मग एके दुपारी बाबू मार्केटमधून पाव किलो जिलबी आणली आणि तिन्ही मुलांना ओळीने बसवलं. बशी ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. "आम्ही जिलबी खाऊ" म्हटलं की समोरच्याला मिळणार नाही. "आपण जिलबी खाऊ" म्हटलं की सगळ्यांना. शेजारची नात तमिळमध्ये, आमची मराठीत. 'आपण' यायला चार मिनिटं लागली. 'आम्ही'चा खरा उपयोग लक्षात यायला आणखी दोन. मग बशीवरून जे झालं ते तिन्ही भाषांत झालं.

त्या सुमारास 'आम्ही कोण' हा प्रश्न सगळ्या वसाहतीपुढे होता. सरोजिनी नगर धरून दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मंजुरी दिली होती. जुन्या दुमजली चाळींच्या ओळी एकेक करून रिकाम्या होत होत्या. त्या जूनमध्ये लोक झाडं वाचवायला उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आमची ओळ अजून उभी होती. समोरच्यांचं सामान अर्धं बांधलेलं असायचं. आजी येईपर्यंत तरी हे घर राहू दे, असा एक नवस मी त्यांच्याच विनायकाला बोलून ठेवला. नवस मराठीतच बोलले.

आजी नोव्हेंबरात आली, कंदी पेढे, मेतकूट आणि भडंग घेऊन. दिवाळीनंतरचा धूर दाटलेला. स्टेशनबाहेर तिने आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्या गावाने एकदम बंब पेटवलेत का काय?"

मुलांनी तिला पहिल्या दिवशीच समोर नेलं. आधी फोनवर ती गोंधळली होती. 'पाट्टीने भात दिला', 'पाट्टी झोपली' असं ऐकून तिने मला विचारलं होतं, "पाटी पुसायची असते, तिला झोपवता कशाला?" तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. आता पाटी आणि आजी समोरासमोर बसल्या. पाट्टींना हिंदी येत नव्हतं, आजीचं हिंदी 'किंतु'पाशी थांबलेलं. मग साखळी बसली: आजी मराठीत बोलायची, थोरली त्याचं हिंदी करायची, पाट्टींची नात हिंदीचं तमिळ. उत्तर त्याच वाटेने परत. भाषांतराचं भाषांतर वाईट, मुळावरूनच करावं, असं मी परिसंवादांत ठासून सांगत आले आहे. (आपण रशियन कादंबऱ्या इंग्रजीवरून आणून वाचल्या आणि तरी रडलो, हे तिथे कोणी काढत नाही.)

आजी म्हणाली, "थंडीने गुडघे धरलेत."

थोरली म्हणाली, "दादी के घुटने पकड़ लिए."

नातीने ते तमिळमध्ये सांगितलं. पाट्टी घाबरून पुढे सरकल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. प्रश्न दोन भाषा ओलांडून आमच्याकडे आला: "कोणी?"

पुढे रोज दुपारी अडीच ते चार ही बैठक व्हायची. रसम आणि कटाची आमटी यांत काय फरक, यावर दोन दिवस गेले. डिसेंबरात त्या दोघींनी मुलांना वगळून थेट बोलायला सुरुवात केली, आपापल्या भाषेत. मुलं नाराज झाली. त्यांचं कामच गेलं.

थंडी वाढली तसा आजीला स्वेटर हवा झाला. आमच्या बाजारात त्याला तोटा नाही. निर्यातीतून उरलेले कपडे ढिगांनी येतात, आणि सोमवार सोडून रोज सगळी दिल्ली ते उपसायला येते. तिथे भाव करणं ही एक कला आहे आणि ती मला नाही. म्हणून थोरली दुभाषी, धाकटा पिशवीवाला, मी चार पावलं मागे. राखी रंगाचा एक स्वेटर आजीने उलटा करून शिवण पाहिली. विक्रेता म्हणाला, साडेतीनशे.

"साडेतीनशे?" आजी म्हणाली. "लोकर आहे का सुतळी? आमच्या ह्यांनी जन्मात एवढ्याचा स्वेटर घातला नाही. शंभर देते म्हणावं."

थोरलीने क्षणभर विचार केला. "भैया," ती म्हणाली, "दादी कह रही हैं, इनके पति नहीं रहे. सौ रुपये दे सकती हैं."

विक्रेत्याचा हात ढिगावरच थांबला. त्याने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रस्त्यापलीकडच्या पट्ट्यांकडे पाहू लागले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अच्छा, माताजी, डेढ़ सौ दे दो."

आजीला हिंदी समजतं, हे थोरली विसरली होती. 'पति' तर दोन्ही भाषांतला. आजी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसायला लागली की तिला दुकानाचा बांबू धरावा लागला. हसता हसता पदराने डोळे पुसले. विक्रेत्याला वाटलं बाई रडताहेत. त्याने एक कानटोपी वरून फुकट घातली. त्याला मूळ वाक्य सांगावं, असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

घरी चालत येताना स्वेटर आजीच्या अंगावर होता, कानटोपी धाकट्याच्या. रिकाम्या केलेल्या चाळींच्या ओळीपाशी ती जरा हळू झाली. दारं-खिडक्या काढून नेलेली घरं, पण एका अंगणात तुळस कोणीतरी ठेवून गेलेलं.

"वाईचं घर असंच बंद पडलंय," ती म्हणाली. "मी आपली संक्रांत झाली की जाते."

"तू आपली आहे ना?" धाकट्याने विचारलं. "मग कशाला जाते?"

आजी काही बोलली नाही. तिने त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. पुढे चालणाऱ्या थोरलीने मागे न वळताच दुरुस्ती केली.

"आहेस," ती म्हणाली. "आणि 'जाते' नाही रे. जातेस."