ठिगळांचे अंतराळयान

खोट्या वस्तूला खरेपण कशाने येते, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण कथा-कादंबरीच्या संदर्भात नेहमीच विचारतो. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत तोच प्रश्न देऊळघाटच्या घरी, हातात शून्य नंबरचा ब्रश असताना, माझ्यासमोर आला. पुतण्याने पुठ्ठा आणि प्लायवूड वापरून ‘स्टार वॉर्स’मधील ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाची पाच फुटी प्रतिकृती उभी केली होती. १९७७च्या चित्रपटासाठी बनवलेले मोठे मॉडेलही साधारण एवढेच होते. जोडकाम त्याचे, पृष्ठभागावरचे बारीक रंगकाम माझ्याकडे आले.

हे काम वरवर नक्षीचे वाटते. प्रत्यक्षात ते प्रमाणाचे आहे. कथेतले यान सुमारे ३५ मीटर लांब मानले, तर आमची प्रतिकृती त्याच्या तेविसाव्या हिश्शाएवढी ठरते. दोन पत्र्यांमधला सांधा म्हणून एक मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर खऱ्या यानात तिथे दोन सेंटिमीटरहून रुंद फट पडेल. रेघ जाड झाली की यानाचे खेळणे होते. म्हणून सांधे कठीण, टोकदार पेन्सिलीने काढायचे. काळा रंग थोडा करड्याकडे न्यायचा. पातळ केलेला मातकट रंग खाचांत सोडून वरून फडक्याने पुसून घ्यायचा. विशालतेचा आभास मोठ्या फटकाऱ्यातून येत नाही, तो बारीक रेघेतून येतो.

दुसरा नियम कार्यकारणाचा. १९६६च्या ‘स्टार ट्रेक’मधले ‘एंटरप्राइज’ बाहेरून गुळगुळीत होते. ‘फाल्कन’ मात्र वापरलेले, झिजलेले, ओरखडलेले. त्याच्यावरच्या प्रत्येक डागाला कारण हवे: काजळी कुठल्या तोंडातून आली, तेल कुठून ठिबकले, रंग कशाच्या घासण्याने उडाला. हे शिकायला मला चित्रपटापेक्षा गाव अधिक उपयोगी पडले. पत्र्याच्या छपरावर गंज खिळ्यापासून सुरू होतो आणि उताराच्या दिशेने ओघळतो. ट्रॉलीचा रंग आधी कडांवर उडतो. एसटीच्या मागच्या बाजूची काजळी एकसारखी पसरत नाही. इतकी वर्षे ‘तपशील’ हा शब्द मी शिकवत आलो. तपशील म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची खूण, हे इथे बोटांना कळले.

शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मात्र काही वेळ पाहून विचारले, “एवढं नवं कोरं इमान केलं भाऊ, अन् त्याले गंज कायले लावता?”

हा प्रश्न अज्ञानाचा नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यात एक समीक्षा होती. ज्या समाजात नवी वस्तू सहज मिळते, तिथे झीज ही सौंदर्यदृष्टी होऊ शकते. ज्याने गळक्या पत्र्याखाली पावसाळे काढले, त्याच्यासाठी गंज म्हणजे निव्वळ गंज. त्याच्या स्वप्नातले यान चकचकीतच असणार, आणि त्या स्वप्नाला भाबडे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. वास्तववादाच्या नावाखाली ग्रामीण जगण्याची केवळ मळकी बाजू रंगवणाऱ्या लेखनाबद्दल हीच तक्रार करता येईल.

उत्तर ‘फाल्कन’च्याच अंगावर होते. त्याच्या करड्या-पांढऱ्या पृष्ठभागावर मधूनच गेरूसारख्या तांबड्या, पिवळट, गडद करड्या रंगांचे तुकडे दिसतात. जणू तुटलेल्या जागी दुसरीकडचे पत्रे आणून बसवले आहेत. ही ठिगळे आहेत. ठिगळ झिजेची कबुली देते, पण तिथे थांबत नाही. कुणीतरी ही वस्तू टिकवली, चालती ठेवली, असेही सांगते. गोधडी पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुतण्याशी बोलून मी एक पत्रा डागाविना, अगदी नवा रंगवला. त्याच्याभोवतीचा गंज त्यामुळे अधिक खरा दिसू लागला, आणि यान उडण्याच्या तयारीतलेही.

मराठी विज्ञानकथेने आपल्याला उत्तम कल्पना दिल्या, डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा त्यासाठीच वाचल्या जातात. कल्पनेची कथा तर्कावर उभी राहते आणि तिला प्रत्येक वेळी गंज लागतोच असे नाही. तरीही माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी उद्या अंतराळयानावर लिहायला बसले, तर मी त्याला इंधनाआधी एकच गोष्ट विचारीन: यानाला ठिगळ कुठे आहे, आणि ते कुणी लावले?