चार वाजल्यावर खण

"आज अवस हाय. बाराला उधान येल. आता खनला तं पानी लागंल. चार वाजल्यावर खन."

शेजारचे काका कुंपणापलीकडून एवढं बोलले आणि आत गेले. सकाळचे साडेसहा वाजले होते. मी कुदळ घेऊन परसात उभा होतो. ओटीवर गोणपाटावर शटल होता. पहाटे पाचच्या सुमारास तो गेला होता. काका त्याच्याविषयी एक शब्द बोलले नाहीत, वाईट झालं वगैरेही नाही. पण त्यांना सगळं कळलं होतं. पावसात भल्या सकाळी कुदळ घेऊन माणूस आणखी कशासाठी बाहेर येणार?

तारीख 4 ऑगस्ट 2024, रविवार. आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, आणि आमच्या भागात त्याहून जास्त ओळखीचं नाव म्हणजे गटारी. श्रावण दुसऱ्या दिवशी लागणार होता आणि त्यात रविवार आलेला, म्हणजे सुट्टीची गटारी. घरोघरी मटणाची तयारी. अशा दिवशी आमच्या ओटीवर मयत, आणि ते चारपर्यंत ठेवायचं.

वैतरणेच्या खाडीकाठी राहणाऱ्याला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही म्हणतात. मला लागते. मी बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारा माणूस, माझ्या डोक्यात फक्त गाड्यांचं वेळापत्रक. अवसे-पुनवेला उधाण येतं, त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते आणि खाडीचं पाणी चढलं की जमिनीखालचं पाणीही तटतं, हे काकांना हाताच्या रेषांसारखं ठाऊक. तरी मी हट्टाने दोन फूट खणून पाहिलं. तळाशी आधी चिखल लकाकला, मग पाणी दिसू लागलं. मी खड्डा बुजवला.

शटल हे काही कुत्र्याचं नाव नव्हे. 2011 च्या जुलैमध्ये बाबा संध्याकाळी विरारहून सुटणाऱ्या शटलने घरी येत असत. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती 2013 मध्ये. त्याआधी शटल चुकली की विरार स्टेशनावर तपश्चर्या. एका पावसाळी संध्याकाळी वैतरणेला उतरल्यावर त्यांना बाकाखाली एक पिल्लू दिसलं, ओलंचिंब, वाळूच्या रंगाचं. त्यांनी ते डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. आई दारातच म्हणाली, "हे काय?" बाबा म्हणाले, "शटलने आलं." बारसं एवढंच. गाडी ती शटल आणि कुत्रा तो शटल, हा व्याकरणाचा घोळ पुढे तेरा वर्षं घरात चालला.

रोज संध्याकाळी तो बाबांना आणायला स्टेशनावर जायचा. माझ्या मुलीने त्या जपानी कुत्र्याचा सिनेमा पाहिल्यापासून तिच्या लेखी आपला शटल म्हणजे हाचिकोच. मी तिचा भ्रमनिरास केला नाही, पण खरं सांगायचं तर त्याचं लक्ष बाबांपेक्षा वडेवाल्याकडे जास्त असे. बाबा उतरले की वडा मिळतो, हे गणित त्याला पक्कं कळलं होतं. बाबा 2016 मध्ये रिटायर झाले. मग गणित थोडं बदललं. दोघं मिळून स्टेशनावर जाऊ लागले, कोणाला आणायचं नाही तरी. गाडी यायची, माणसं उतरायची, दोघं एक वडा वाटून खायचे आणि परत यायचे. 2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा बाबा घरात बसले, हा मात्र एकटाच जाऊन येत राहिला. रिकामा फलाट पाहून आल्यावर बाबांकडे असा बघायचा, जणू गाड्या यांनीच थांबवल्यात.

आणखी एक गंमत त्याच्या नावावर होती. जन्मला ठाणे जिल्ह्यात आणि वारला पालघर जिल्ह्यात, घर न बदलता. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

वर मी 'वारला' लिहिलंय. ते लिहिताना थांबलो होतो. मराठीत माणूस वारतो, जातो, देवाघरी जातो, फार मोठा असेल तर त्याचं निधन होतं. कुत्रा मरतो. त्या रविवारी सकाळी मी ताईला फोन केला आणि "शटल गेला" म्हणालो. ती क्षणभर गोंधळली. "कुठे गेला? शोधलंत का?" मला ते दुसरं क्रियापद तोंडातून काढता येईना, म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहिल्यावर तिला कळलं. त्याच आठवड्यात कंपनीत रजेचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यापाशी असाच अडकलो. 'घरगुती कारण' लिहिलं. खोटं नव्हतं. बरोबरच्याने विचारलं, "घरी कोणी सीरियस?" मी म्हणालो, "होतं." पुढे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कुत्र्यासाठी दोन दिवस, असं तो म्हणाला असता की नाही, कोण जाणे. माझ्याच मनात ते वाक्य आधी उमटलं होतं.

पण मी पुढे गेलो. ओटीवर तो अजून होता.

नऊ वाजता आईने मुंग्यांचा खडू आणला आणि गोणपाटाभोवती चौकोन आखला. आखताना तिचा हात रांगोळीचा होता, कोपरे नीट जुळवून घेणारा. मग ती उठली आणि बाबांना म्हणाली, "दिवे लावायचे का संध्याकाळी?"

आदल्या रात्रीच तिने समया, निरांजनं, कंदील, सगळं चिंचेने घासून ठेवलं होतं. कणकेच्या दिव्यांसाठी गूळ किसला होता. तिचा प्रश्न साधा नव्हता. घरात सुतक असेल तर दिव्यांची पूजा होत नाही. कुत्र्याचं सुतक नसतं. मग विचारलंच का? बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी त्याचं आटपू. मग लाव."

येणारे-जाणारे दारातून डोकावत होते. एकाने खाडीत सोडून द्या म्हणून सांगितलं, ओहोटीला आपोआप जाईल. आई त्याच्यावर एवढी कडाडली की तो चहा न घेता गेला. आमची नदी वैतरणा आणि पुराणातली ती यमाच्या वाटेवरची वैतरणी, यावरून मुंबईचे नातेवाईक नेहमी चेष्टा करतात. मी सफाळ्याच्या अलीकडचे आमच्या वैतरणेवरचे दोन्ही पूल दिवसातून दोनदा ओलांडतो, मासिक पासावर. त्या वैतरणीसाठी मात्र गोदान करावं लागतं, गाईची शेपटी धरून माणूस पार होतो, असं गरुडपुराण सांगतं. माझी मुलगी हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "मग शटल कोणाची शेपटी धरणार?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "त्याला त्याची आहे." त्या दिवसात आम्ही एकदाच हसलो, ते तेव्हा. हसल्यावर बाबा उठून मागच्या दाराला गेले.

मी त्याच्याजवळ बसून होतो आणि मनात जूनच्या दोन रात्री फिरत होत्या.

मे महिन्यात त्याचं पाणी पिणं वाढलं. उन्हाळा आहे, पितोय, असं आम्हाला वाटलं. जूनमध्ये तो रात्री ओटीवर मुतू लागला. तेरा वर्षांत कधी न केलेली गोष्ट. मी त्याला ओरडलो. वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणलीही. मग दोन रात्री अंगणात बांधून ठेवला, पडवीच्या कडेला, जिथे पाऊस आला की झड लागते. दुसऱ्या रात्री पाऊस आला. तो भुंकला नाही. सकाळी अंग चोरून उभा होता आणि मला पाहून शेपूट हलवली.

पुढे विरारला डॉक्टरांनी पुढच्या पायातून रक्त घेतलं आणि क्रिएटिनिनचा आकडा दाखवला, तेव्हा त्या मुतण्याचा अर्थ कळला. मूत्रपिंडं दमली की त्यांना लघवी घट्ट करता येत नाही. प्यायलेलं पाणी तसंच वाहून जातं, म्हणून जनावर आणखी पितं, आणि तेही राहत नाही. रक्तातला आकडा चढलेला दिसतो तोवर मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. म्हणजे मी ज्याच्यासाठी त्याला मारलं, ते त्याच्या हातात नव्हतं. तो आपल्या परीने सांगत होता, ओटीवर, रोज रात्री.

मग एक दिवसाआड रिक्षा ठरवून विरार. मानेमागच्या सैल कातडीखाली सलाईन सोडायचे. तिथे बैलासारखं वशिंड यायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते पाणी ओघळत पुढच्या पायात उतरायचं. मुलगी त्याला तेवढ्यापुरतं नंदी म्हणायची. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर हळूच म्हणाले, "त्याला सोडवायचं का, घरी विचार करा." मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "मला असं झालं तर मलाही विचारशील?" आई काहीच बोलली नाही. मी दोन दिवस मागून घेतले, मग आणखी दोन. भात नको, उकडलेलं अंडं नको, आईने बोंबील भाजून पुढे धरले तर तोंड फिरवलं. बोंबलाला तोंड फिरवणारा शटल, हे पाहिल्यावर तरी मी निर्णय घ्यायला हवा होता. तो माझ्यासाठी थांबला होता की मीच त्याला थांबवून ठेवलं होतं, हे अजून मला नीट ठरवता येत नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं. रात्रपाळीला दुसरंच जास्त.

बाराला उधाण आलं. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला नाल्यातून पाणी उलटं चढताना ओटीवरून दिसत होतं. एव्हाना आळीत मटणाचा वास भरला होता. कोणाकडे तरी मिक्सरवर वाटण चाललं होतं, कोणी गाणी लावली होती. एरवी अशा दिवशी शटलची चंगळ. चार घरांची हाडं, मग संध्याकाळपर्यंत फुगलेलं पोट आणि तोंडावर कृतकृत्य भाव. मी नकळत त्याच्या नाकाकडे बघत राहिलो.

दुपारी बाबा अचानक माहुलीबद्दल बोलू लागले. तरुणपणी ते साताऱ्याला गेले होते, तेव्हा संगम माहुलीला त्यांनी शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी पाहिली होती. खंड्या त्याचं नाव. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. "राजा होता म्हणून दगडाची बांधली," बाबा म्हणाले. "दुःख काय, तेच असणार." एवढं बोलून पुन्हा गप्प. मला वाटतं, त्यांना कोणाची तरी परवानगी हवी होती आणि त्यांनी ती थेट छत्रपतींकडून मिळवली.

चारला काका स्वतःच आले, फावडं घेऊन. बांधावर भेंडीच्या झाडापाशी जागा त्यांनी दाखवली, आमच्या शेतातली सगळ्यात उंच. पाणी उतरलं होतं. मी खणलं, त्यांनी माती ओढली. तीन फुटांवरही माती ओलीच, पण पाणी नव्हतं. तळाला खडं मीठ पसरलं. आईने तिची एक जुनी नऊवारी आणली होती. गुंडाळताना त्याच्या पंजाला तिने हात लावला आणि म्हणाली, "नखं वाढली होती रे, कापायची राहिली." मुलीने त्याची जर्मनची थाळी आत ठेवायला आणली. बाबा म्हणाले, "ती राहू दे घरात." काकांनी पहिली माती लोटली. ते त्याच्यावर नेहमी डाफरायचे, कोंबड्यांवरून. त्या दिवशी खड्डा बुजवल्यावर त्यांनी वर बाभळीच्या काट्या पसरल्या, कोल्हे उकरू नयेत म्हणून, आणि वर आणखी दोन दगड आणून ठेवले.

घरी आल्यावर कोणी कोणाला सांगितलं नाही, पण एकेक करून सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. काका बाहेरूनच गेले, आंघोळ करूनच घरात शिरेन म्हणाले. मग आईने पाटावर दिवे मांडले. कणकेचे, पितळेचे, सगळे. एक कणकेचा दिवा ती उचलून बाहेर घेऊन गेली आणि ओटीवर त्या खडूच्या चौकोनात ठेवला. चौकोन पुसायचा राहिला होता.

सातच्या सुमारास समोरच्या घरातला लहान मुलगा स्टीलचा डबा घेऊन आला. दिवसभर तो मामाकडे होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. डबा पुढे करून म्हणाला, "शटलची हाडं." आईने डबा घेतला. "थांब हं," म्हणाली, आत गेली, डबा धुतला आणि रिकामा डबा देता येत नाही म्हणून त्यात गुळाचे दोन दिवे घालून परत दिला. त्याला तिने काहीच सांगितलं नाही. तो शटलला इकडेतिकडे शोधत गेला.

हाडं प्लास्टिकच्या पिशवीत ओट्यावर तशीच होती. थोड्या वेळाने बाबा उठले. चपला घातल्या, बॅटरी घेतली, पिशवी उचलली. गाडीची वेळ झाली होती. मी त्यांच्याबरोबर निघालो तर हाताने थांब म्हणाले. पाऊण तासाने परत आले. पिशवी रिकामी होती. दुसऱ्या हातात कागदात बांधलेला एक वडा होता, अर्धा.