शाळा मृगाची, पेरणी हस्ताची

संपादकांनी ‘शाळेतल्या परसबागा’ हा विषय दिला आणि शेतीचा गंध नसलेल्या वाचकालाही लेख कळावा, अशी अट घातली. प्रयत्न करते. पण वाफसा, छाटणी, निचरा हे शब्द टाळून बागेबद्दल बोलता येत नाही, तेवढी सूट वाचकांनी द्यावी.

मी उद्यानविद्येची. माणदेशातल्या माण (जि. सातारा) आणि आटपाडी (जि. सांगली) तालुक्यांत आधी डाळिंबाच्या बागा पाहायला फिरायचे, आता जिल्हा परिषदेच्या शाळांच्या परसबागा पाहते. डाळिंबवाले सल्ल्यासाठी वाट पाहत थांबायचे. शाळेच्या बागेला तज्ज्ञ कशाला लागतो, असे मात्र मला तोंडावर विचारले जाते. चार वाफे मेथीचे, त्यात काय शिकायचे? मुरमाड जमीन, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, मोकाट शेळ्या, दीड महिन्याची उन्हाळी सुट्टी आणि पाणी घालायला दहा वर्षांची मुले. एवढ्या अटींवर भाजी पिकवणे डाळिंबाइतकेच अवघड आहे, आणि चुकले तर विमाही नाही.

आधी योजना सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. शाळेत आहार देण्याची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांना कोरडे धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळाशाळांत चूल पेटली. २०२१ पासून योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ झाले. गावात अजून तिला ‘खिचडी’च म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. धान्य वेगळे मिळते. बाकी सगळ्यासाठी १ मे २०२५ पासूनचा दर आहे लहान मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे. यातला बराच भाग डाळ, कडधान्ये, तेल, मसाल्यात जातो. जळण आणि ताजी भाजी उरलेल्यात बसवायची.

२०१९ मध्ये केंद्राने शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शाळेमागे ५,००० रुपयांची तरतूद केली. आपल्या राज्यात परसबागांच्या स्पर्धाही होतात. कृषी विज्ञान केंद्रात रोपे आणि बियाणे मिळते. साताऱ्यात बोरगावचे केंद्र आहे. शाळेत इको क्लब असतो, ग्रामपंचायतीकडे नळ असतो, रोजगार हमीतून खतखड्डा होऊ शकतो. कागदावर पाहिले तर साधनांची टंचाई नाही.

आता बाग किती भाजी देईल, ते मोजू. साठ मुलांची शाळा धरा. रोजची गरज तीन किलो भाजीची, म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट किलो. जेवणाआधी आणि नंतर हात धुण्याचे पाणी रोज सुमारे शंभर लीटर होते. हिवाळ्यात पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला तीन-साडेतीन लीटर पाणी पुरते, म्हणजे शंभर लीटरवर तीस चौरस मीटर भिजतात, गुंठ्याचा तिसरा हिस्सा. मेथी चांगल्या हाती चौरस मीटरला किलोभर येते, तीस-पस्तीस दिवसांनी. सगळे नीट जुळले तरी महिन्याची निम्मी भाजीसुद्धा होत नाही. ‘शाळा भाजीत स्वयंपूर्ण’ अशा बातम्या वाचल्या की मी मनात मुलांची संख्या आणि पाण्याचे लीटर मांडते. बेरीज जुळत नाही. आणि ती जुळायची गरजही नाही. बागेने मुलांना शिकवावे आणि आठवड्यातून दोनदा ताजा पाला पातेल्यात टाकावा, एवढे केले तरी तिचे चीज झाले. बाकीची भाजी गावच्या शेतातून यायला हवी. या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल कुणी बोलत नाही. त्याकडे वळण्याआधी एक भांडण निकाली काढते, कारण ते गेली अनेक वर्षे मी एकटीच भांडते आहे.

भांडण पेरणीच्या वेळेचे आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. लगेच वृक्षारोपण, बी वाटप आणि परसबागेचे उद्घाटन. कोकणात, विदर्भात हे ठीक आहे. माणदेशात मृगाला, म्हणजे जूनमध्ये, भाजी पेरणे म्हणजे बी वाऱ्यावर सोडणे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ते ढग डोंगर चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा खाली येता येता तापते, कोरडी होते. त्यामुळे जून-जुलैत आपल्याकडे ढग दिसतात, पाऊस भुरभुरतो आणि वारा मात्र जोरात. तो वारा वाफ्याच्या वरच्या दोन बोटे मातीतली ओल दुपारपर्यंत पळवतो, आणि भाजीचे बी त्याच दोन बोटांत असते. ते उगवते, कोंब बाहेर काढते आणि मरते. मुले म्हणतात, बी खराब होते. बी चांगले होते.

सप्टेंबरमध्ये पश्चिमेचा वारा मंदावतो, पूर्वेकडून ओल येऊ लागते, दुपारी ढग बांधून वळवासारखा पाऊस होतो. उत्तरा आणि हस्त ही इथली खरी पावसाची नक्षत्रे. म्हणून इथल्या शेतकऱ्याची भिस्त रब्बी ज्वारीवर; मालदांडीचा शाळू याच सुमाराला पेरतात. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ पासून आहे आणि त्याच्या कामाचा मोठा भाग रब्बीचा आहे. प्रत्येक मुलाच्या घरी हे ज्ञान आहे. शाळेच्या गेटाच्या आत आले की ते नाहीसे होते, कारण आत कार्यक्रमपत्रिका चालते. माझे म्हणणे असे: जून ते ऑगस्ट मुलांनी माती तयार करावी. मुरूम चाळावा, शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा, बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे, पाण्याची चारी काढावी आणि साबणाचे पाणी आधी वाळू-गोट्याच्या खड्ड्यातून गाळून घ्यावे. वेलवर्गीय दोन-चार आळी जुलैत लावली तर हरकत नाही. पण मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर सप्टेंबरअखेरपासून, वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावर, आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावे. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज काही ना काही निघते. बैठकीत हे मांडले की उत्तर येते, ‘मॅडम, जूनमध्ये फोटो पाठवायचे असतात.’ तयार केलेल्या मातीचाही फोटो निघतो, असे मी प्रत्येक वेळी सांगते.

स्पर्धेबद्दलही एक तक्रार आहे. जानेवारीत मी पाहिलेल्या एका बागेला बक्षीस मिळाले आणि ते रास्त होते. इतके नेटके वाफे मी कृषी प्रदर्शनातही क्वचित पाहिले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा कढीपत्त्याचे एक झाड उभे होते. पाणी द्यायला सुट्टीत कोणी नव्हते. यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. दोन शिक्षकी शाळेत सुट्टीतली जबाबदारी कुणाच्या नावावर टाकणार? पण मूल्यांकन जूनमध्येही झाले तर शाळा एप्रिलमध्येच वेगळा विचार करतील. मग शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू अशी टिकणारी झाडे लागतील, आळ्यात उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन पडेल, आणि शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी रीतसर बोलणे होईल की सुट्टीत पाणी तुम्ही घाला, शेंगा तुम्ही न्या.

मुलांकडून काम करून घेण्याविषयीही बोलायला हवे. शहरातल्या पाहुण्यांना ते खटकते. सातारा जिल्ह्यात तरी हा प्रश्न नवा नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ इथेच रुजवले. वसतिगृहातली मुले मातीत राबली आणि शिकली. पुणे जिल्ह्यात पाबळला, आपल्यासारख्याच कोरड्या भागात, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला अभ्यासक्रम पुढे अनेक ग्रामीण शाळांत गेला आणि शेती-पशुपालन हा त्यातला एक भाग आहे. दोन्ही ठिकाणी कामाला अभ्यासाचा मान होता. मीही तेवढाच नियम पाळायला सांगते. बागेतले काम शिक्षा म्हणून कधी द्यायचे नाही, आणि काम केले की मोजमाप वहीत लिहायचे. वाफ्याचे क्षेत्रफळ, पाण्याचे लीटर, उगवणीची टक्केवारी. चौथीतली एक मुलगी शंभरातल्या किती बिया उगवल्या ते मोजून ‘शेकडा एकाहत्तर’ म्हणाली, तेव्हा तिला टक्केवारी शिकवायची वेगळी गरज राहिली नव्हती. मला या कामाचा अभिमान वाटतो तो अशा वेळी.

आता गावच्या शेताकडे येते. एक प्रकरण अजून मनातून जात नाही. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीत शाळेची बाग पाहून निघाले होते. एका विद्यार्थ्याची आई रस्त्यात थांबली. ‘म्याडम, दोडका रोज पाटीभर निघतुया. बाजाराला न्यायचं तर भाडंच अंगावर येतंय. शाळंत घेत्याल का?’ तिचा वेल शाळेच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होता. मी तिला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते भले गृहस्थ, पोरांवर जीव असलेले. म्हणाले, ‘घ्यायला माझी ना नाही, पण बिल कुणाचं लावू? उद्या तपासणी आली तर?’ त्या दिवशी खिचडीत तालुक्याच्या गावाहून आणलेला बटाटा होता. तो टिकतो आणि त्याचे बिल मिळते. पुढच्या खेपेला कळले, दोडके शेळ्यांनी खाल्ले.

यात दोषी कोणी नाही, आणि म्हणूनच ते जास्त छळते. टेंभू आणि उरमोडी या सिंचन योजनांचे पाणी पोचले त्या गावांत आज भाजी होते. ज्यांनी पाणी अडवले तिथेही होते. माणमधल्या टाकेवाडीने २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, भांडवली दुसऱ्या क्रमांकावर होते. पाणी आले, भाजी आली, भाजी खाणारी पोरे आहेत, पैसेही थोडेफार आहेत. मध्ये एक पावती अडली आहे.

ब्राझीलने हे कायद्याने सोडवले. २००९ च्या तिथल्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्यासाठी नेहमीची निविदा काढावी लागत नाही. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करावा. आठवडी बाजारातल्या भावावरून महिन्याचा दर ठरवावा. गावातल्या एका बचत गटाने शेतकरी बायांकडून भाजी गोळा करून छापील पावती द्यावी आणि पैसे गटाच्या खात्यात जावेत. काही शाळांत हे बसले आहे. अडचण येते ती पैसे उशिरा आल्यावर. गटाच्या बायकांना दोन-दोन महिने उधारी सोसवत नाही, आणि तिथे आमचा उत्साह कामाचा नाही.

एक अट मी मुळीच सोडत नाही. भाजी देणाऱ्याने शेवटची फवारणी कधी, कशाची केली ते वहीत लिहून सही करायची. डाळिंबाच्या ओळीत लावलेली कोथिंबीर किंवा मिरची शाळेत येता कामा नये. डाळिंबावर किती फवारे होतात हे मी जवळून पाहिले आहे. औषधाच्या डबीवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते छापलेले असते. ते दिवस भरल्याशिवाय माल घ्यायचा नाही, फुकट मिळाला तरी.

उन्हाळ्याचे काय? दुष्काळी भागात सुट्टीतही आहार द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. त्या दिवसांत बाग पाला देणार नाही, शेतातही नसतो. इथल्या बायकांकडे याचे उत्तर आधीपासून आहे: हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून ठेवायचा, गवार वाळवायची. जानेवारीत स्वच्छ फडक्यावर सावलीत वाळवलेला पाला कोरड्या डब्यात मेपर्यंत राहतो. आणि शेवगा. शेवग्याचा पाला उन्हाळ्यातही हिरवा असतो, त्यात लोह आणि जीवनसत्त्व अ भरपूर. पण शाळांतला शेवगा मी पाहते तो कौलांच्या वर गेलेला, पाला मुलांच्या हाताला न येणारा. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडायचा. फांद्या फुटल्या की पुन्हा खुडायच्या. दरवर्षी शेंगा संपल्या की झाड जमिनीपासून तीन फुटांवर कापायचे. कापायला सांगितले की शिक्षकांना वाईट वाटते. कापा. पंधरा दिवसांत फुटते.

हा अंक हाती पडेल तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी असेल आणि परतीचा पाऊस झाला असेल, तर वाफ्यात ओल असेल. आपल्या गावच्या शाळेच्या समितीवर कोणी असाल तर शाळा उघडायची वाट पाहू नका. मूठभर माती दाबून पाहा. गोळा होऊन बोटाने फुटली तर वाफसा आहे. मेथी बोटभर खोल, पालक थोडा वर, दोन ओळींत वीतभर अंतर. बारीक माती ओढून हलके दाबा आणि झारीने पाणी द्या. मुले परत येतील तेव्हा विरळणीला रोपे तयार असतील.