अंजिराची वही

मुलांनो, तुमच्या परसात अंजिराचं झाड आहे का? असेल तर आजच एक कोरी वही काढा.

आमच्याकडे सासवडला एक झाड आहे. "फळं आंबट निघतात, तोडून टाकू," असं सासूबाई दरवर्षी म्हणायच्या. मी म्हटलं, आधी नोंद तर ठेवू! चार फांद्यांना रंगीत दोरे बांधले. वाटाण्याएवढं फळ दिसलं की तारीख, पिकलं की तारीख, शेजारी चव. अंजिराचं फूल बाहेर दिसत नाही, बरं का! ती इवली इवली फुलं फळाच्या पोटातच असतात. म्हणून नोंद फळापासूनच सुरू करायची.

मधे कित्येक दिवस फळ वाढतच नाही. मग शेवटी थोड्याच दिवसांत टपोरं होतं, मऊ पडतं, मान टाकतं. कच्चं तोडाल तर देठातून पांढरा चीक येईल, आणि ते घरात ठेवून काही गोड होणार नाही.

दोन वर्षांनी वही चाळली. आंबट फळं सगळी हिवाळ्यातली! आमच्याकडचे शेतकरी त्याला खट्टा बहार म्हणतात. मार्च-एप्रिलातला तो मीठा बहार. पण त्या फळांपुढे चवीऐवजी एकच शब्द होता : 'बुलबुल'! गोड फळं पाखरं नेत होती, आपल्या वाट्याला आंबट.

पुढच्या उन्हाळ्यात काही फळांना फडक्याच्या पिशव्या बांधल्या. सासूबाईंनी एक चाखलं, मग दुसरं मागितलं. झाड तोडायचं नाव आता कुणी काढत नाही.

उघड्या फांद्या मात्र बुलबुलाच्याच हं!