भटकंतीचा रकाना

कर्जतला गाड्या थांबतात त्या पुढे जाण्यासाठी. पुण्याकडे निघालेल्या गाडीला इथं मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाट, आणि त्याचा सर्वांत कठीण चढ सदतीसास एक. १८६३ साली या घाटातून आगगाडी सुरू झाली. इंजिन जोडायला लागणाऱ्या त्या काही मिनिटांवर फलाटावरची कितीतरी घरं चालली. दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर पोचला तो याच थांब्यामुळे. वंदे भारतला मागून इंजिन लागत नाही, ती कर्जतला कोणासाठी दार उघडत नाही, आणि तिच्यातला प्रवासी वडा घेऊ शकत नाही. घाट तोच, वेळ वाचला. पण वाचलेल्या त्या मिनिटांवर कोणीतरी जगत होतं, हे मला विसरता येत नाही.

आमच्या मुलखातून बरंच काही असं पुढे जातं. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. वरच्या मावळात पाणी अडवलं, नळांतून खाली सोडलं आणि वीज मुंबईला नेली. पुढे द्रुतगती महामार्ग आला आणि खालापूर बहुतेकांना टोलनाक्याचं नाव म्हणून माहीत झालं. तरी वीजघरांनी वापरून सोडलेलं पाणी इथं राहिलं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत उतरतं. भिवपुरीचं राजनाल्याच्या कालव्यातून शेतांत जातं आणि त्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतं. एप्रिलच्या उन्हात कालव्याकाठची हिरवी खाचरं पाहिली की मन शांत होतं. इथून जाणाऱ्या गोष्टींतलं इथं काय राहतं, हे मी नेहमी बघत आलो आहे. माझं डोंगर हिंडणंही त्यातून सुटत नाही.

वडील कारकून होते. रात्री जेवणं झाली की ते हिशेबाची वही काढत. किराणा, दूध, शाळा, पोस्टातलं आवर्ती खातं, आलागेला. पै-पैचा ताळा जमेपर्यंत दिवा मालवायचे नाहीत. त्यांच्यानंतर वही माझ्याकडे आली. नोकरी लागल्यावर मी तिच्यात एक रकाना वाढवला : भटकंती. आईला ते पटलं नव्हतं. डोंगरात जाण्याचा कसला खर्च, आणि असलाच तर तो घरखर्चाच्या शेजारी कशाला, असं तिचं म्हणणं. मला मात्र वाटे, ज्या गोष्टीवर आपला जीव आहे ती घराच्या वहीत उघडपणे असावी. ‘इतर’ या रकान्यात लपवलेला छंद पैशांची ओढाताण आली की सगळ्यांत आधी कापला जातो. नाव असलं की त्याच्याबद्दल घरात बोलावं लागतं.

अनेक वर्षं तो रकाना जवळजवळ कोराच असे. मुंबईला जाण्यायेण्याचा महिन्याचा पास खिशात होता, आणि पासाला रविवारची सुट्टी नसते. त्याच पासावर नेरळला उतरायचं आणि पेबला, नाहीतर माथेरानला पायी चढायचं. खोपोलीच्या बाजूला जायचं तर कर्जतच्या पुढचं वेगळं तिकीट, तेही चिल्लर मोडून होई. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. या पाच स्थानकांवर उतरून जेवढे डोंगर दिसतात तेवढे एका माणसाला आयुष्यभर पुरतात. डब्यातल्या आमच्या ग्रुपची भिशी होती. दरमहा सारखी रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलायची. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा चांगले बूट आणि सॅक घेतली. बाकीचे पैसे मुलीच्या शाळेला गेले.

गरजा भागत गेल्या तसा रकाना भरू लागला आणि त्यातल्या नोंदींना गावांची नावं आली. सर्वांत जास्त नोंदी पेठच्या. कशेळ्याच्या पुढे आंबिवली, तिथून चढून गेलं की पठारावर पेठ, आणि गावाच्या डोक्यावर कोथळीगडाचा सुळका. सुळक्याच्या पोटात कोरलेली गुहा, तिच्यात नक्षीचे खांब, आणि वर जायला खडकातच आतून खोदलेला जिना. गडाहून उतरून पेठेतल्या घरात जेवायचं : तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कधी सुक्या जवळ्याची चटणी. मुंबईहून आलेली काही मंडळी पानावर बसून म्हणतात, डोंगरावर जरा महागच लावतात. मला तेव्हा बोलावंसं वाटतं, आणि मी बोलतो. तांदूळ घरचा असेल, पण तेल, डाळीचं पीठ, गॅसची टाकी हे कशेळ्याच्या बाजारातून येतं. मिनीडोरचं भाडं भरून ते आंबिवलीपर्यंत, आणि तिथून कोणाच्या तरी डोक्यावर किंवा खांद्यावर. आपण रिकाम्या हातांनी धापा टाकत चढतो ती वाट त्या घरातली बाई टाकीसाठी चढलेली असते. त्या चढाचे पैसे ताटाच्या दरात असायलाच हवेत.

म्हणून जायच्या दोन दिवस आधी फोन करावा, माणसं नक्की किती ते सांगावं, आणि वीस सांगून बारा नेऊ नयेत. आठ जणांचा स्वयंपाक वाया गेला की त्या घराचा दिवसाचा नफा गेला. सुट्या नोटा न्याव्यात. क्यूआर कोडचा फलक ओटीवर टांगलेला असतो, पण रेंज असेलच असं नाही. माझ्या वहीत या जेवणांच्या पुढे दरही लिहिलेले आहेत. ते वाढत गेले आहेत आणि त्याचा मला आनंद आहे.

कोंडिवड्याहून राजमाचीच्या वाटेवर कोंडाण्याची लेणी लागतात. पावसाळ्यात वरून धबधब्याचा पडदा पडतो, तेव्हा तिथं गर्दी फार. मला तिथलं एक शिल्प ओढून नेतं. त्याच्यापाशी ब्राह्मी अक्षरांत कोरलंय की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. सह्याद्रीतल्या लेण्यांमधले बहुतेक लेख दान देणाऱ्यांचे आहेत; कोणत्या गावच्या कोणी कोणता खांब दिला, कोणतं टाकं दिलं. एका अर्थी ते दगडावरचे जमाखर्चच. कोंडाण्याला मात्र दोन हजार वर्षांनंतरही छिन्नी धरणारा हात नावानिशी समोर येतो. ते नाव वाचल्यापासून मीही वहीत नुसतं ‘जेवण’ लिहीत नाही. कोणाच्या घरी जेवलो ते लिहितो.

त्यातल्या काही नोंदींवरून आता हात फिरवणं अवघड जातं. इर्शाळगडाला जाताना वाटेत इर्शाळवाडी लागायची. ठाकरांची वस्ती, कुडाची घरं, उन्हातून चढून आल्यावर ताक. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर त्या वस्तीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, आणि चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं मातीखालीच राहिली. तिथवर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचत नव्हती; माणसांनी पावसात चढून हातांनी माती उपसली. त्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे डोंगर हिंडणारे होते. छंदाने शिकवलेली पायवाट त्या रात्री कामाला आली, एवढंच त्यात मनाला धरून ठेवण्यासारखं. वाचलेल्यांना चौक गावाजवळ नवी घरं मिळाली आहेत. माझ्या वहीत ‘इर्शाळवाडी, ताक’ अशा ओळी आहेत, पुढे किरकोळ आकडे. त्या घरांना आपण आणखी काही देऊ शकलो असतो का, असं मनात येतं. पण आकडा मोठा असता तरी डोंगर थांबला नसता. त्यांना आधीच सुरक्षित जागी नेणं हे वाटसरूच्या खिशातलं काम नव्हतं, ते सरकारचं होतं, आणि हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

पैसा गावात राहावा यासाठी आमच्या तालुक्यात एका माणसाने केलेलं काम मला नेहमी आठवतं. भाई कोतवाल माथेरानचे, जन्म १९१२चा, शिकून वकील झालेले. त्या काळी पावसाळ्यात घरातला दाणा संपला की शेतकरी आणि आदिवासी सावकाराकडून खावटी उचलत, आणि सुगीला ती फेडताना खळ्यावरचं भात जवळजवळ सगळं निघून जाई. भाईंनी धान्यकोठ्या काढल्या. सुगीला धान्य साठवायचं, अडीअडचणीला त्यातूनच उचलायचं, परतफेडही त्याच कोठीत. पुढे बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. चौकाचौकांत भाईंचं नाव आहे ते या हौतात्म्यामुळे. माझ्या मते धान्यकोठी ही त्यांची तेवढीच मोठी गोष्ट आहे. भूक आणि कर्ज यांच्यामधला दोर त्यांनी नेमका हेरला होता.

आज दाणा बाहेर जात नाही, जमीन जाते. फार्महाऊसच्या कुंपणांनी जुन्या पायवाटा अडवल्या आहेत. गुंठ्यांचा एकरकमी पैसा येतो, गाडी येते, लग्न थाटात होतं, आणि कधी कधी त्याच घरातला मुलगा त्याच जमिनीवर राखणदार म्हणून उभा राहतो. विकणाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. नडीला विकतात, आणि भाताने घर चालत नाही हेही खरं. पण पनवेल-कर्जत लोकलचा मार्ग होतो आहे, तिकडे विमानतळ उभा राहिला आहे, भाव आणखी चढणार. एकदा विकून मोकळं होण्यापेक्षा थोडी जमीन राखून घरी जेवण देणारी, तंबूला जागा देणारी माणसं टिकली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. भटकणाऱ्यांनी आपला पैसा तिथं नेला तरच ती टिकतील.

पहिला पाऊस पडला की कर्जत-नेरळच्या स्थानकांबाहेर ठाकरणी बसतात. आधी शेवळं, सोबत त्यांची खाज मारायला काकडं. मग टाकळा, भारंगी, कंटोळी, बांबूचे कोंब. पळसाच्या पानावर वाटे मांडलेले. हा माल उद्यावर टाकता येत नाही आणि घरची गाडी चुकवता येत नाही, म्हणून दुपार कलली की वाट्याचा भाव पडतो. मी सकाळीच घेतो, सांगतील त्या भावाने. बायको ती भाजी किराण्याच्या रकान्यात लिहिते, मी भटकंतीच्या. त्यावर आमचं दर पावसाळ्यात भांडण होतं, यंदाही झालं.

मुलगी ठाण्याला असते, खर्च मोबाईलवर नोंदवते. येत्या रविवारी ती मैत्रिणींना घेऊन कोथळीगडला जाणार आहे. मुंबईतल्या एका ग्रुपने माणशी अमुक रक्कम सांगितली, त्यात जेवण धरलेलं. तिने त्यांना विचारलं, यातले पेठेच्या घरात किती देता? उत्तर गोलमाल आलं. तेव्हा तिने माझ्याकडून पेठेतला नंबर घेतला आणि स्वतःच फोन लावला. पलीकडून मावशींनी विचारलं, “माणसं किती? भाकरी का भात?” नऊ माणसं, दोन्ही लागेल, असं ठरलं. तेलापिठाचे पैसे तिने आधीच पाठवले आहेत, आणि मी सुट्या नोटा काढून ठेवल्या आहेत.