माया ठेवून कापा

चिलखत हा शब्द आमच्या घरात इतिहासाच्या पुस्तकापुरताच होता. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा, अंगरख्याखाली चिलखत घालून अफझलखानाला भेटायला निघालेले शिवाजी महाराज, हे आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेलं. त्यापलीकडे चिलखताशी संबंध एवढाच, की परभणीहून पाहुणे आले की त्यांना सालारजंग म्युझियम दाखवायचं आणि शस्त्रांच्या दालनातून पाय दुखेपर्यंत हिंडायचं. आता मात्र आमच्या माळ्यावर एक भलंमोठं खोकं आहे आणि त्यावर जाड पेननं लिहिलंय, ‘चिलखत. उन्हात ठेवू नये.’

खोकं माझ्या भाचीचं. भावाची मुलगी. नोकरी माधापूरला, राहायला काचीगुड्यात आमच्याकडे. वय सव्वीस. रोज मेट्रोनं जाते, येते, आणि रात्री जेवणं आटोपली की हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे घासत बसते. आता तुम्ही विचाराल, लग्नाच्या वयाच्या मुलीला हे काय खूळ? तिची आई, म्हणजे आमची वहिनी, फोनवर रोज हेच विचारते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

1977 साली ‘स्टार वॉर्स’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला. त्यात दुष्ट साम्राज्याचे शिपाई असतात, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कवचात. त्यांना स्टॉर्मट्रूपर म्हणतात. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मॉलो यांना ऑस्कर मिळालं. ते कवच लोखंडाचं नाही बरं का, साधं प्लास्टिक. आधी मातीत आकार घडवायचा, त्यावरून साचा करायचा, मग प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला चिकटून बसतो, गार झाला की तोच आकार धरतो. जगभरात असे हौशी लोक आहेत, जे पडद्यावर दिसतं अगदी तसंच हे चिलखत घरी बनवतात. तसंच म्हणजे किती तसं? जोडावर वरून जी पट्टी बसवतात, ती हाताला 15 मिलिमीटर रुंद, पायाला पुढून 20 आणि मागून 25. आमच्याकडे साडीच्या काठावरून वाद घालणाऱ्या बायका आहेत, पण हे लोक त्यांच्याही वरचे.

आमच्या शहरातही या मंडळींचं एक ठिकाण आहे. 2013 साली हायटेक्सच्या मैदानात हैदराबादचं पहिलं कॉमिक कॉन भरलं. तिथे तरुण मुलंमुली आवडत्या पात्रांचे वेश करून येतात. बरेच जण फोमच्या शीटमधून कवच कापतात. चपलांचे सोल ज्या फोमचे असतात, तोच फोम. ते स्वस्त पडतं, हलकं असतं. भाचीला मात्र पडद्यावरचंच हवं होतं. तिनं पैसे साठवले, परदेशातून साच्यातले तुकडे मागवले, कस्टमचे पैसे वेगळे भरले. खोकं उघडलं तर आत काय? कडा वेड्यावाकड्या, कुठला तुकडा मांडीचा, कुठला दंडाचा, काही कळेना. एकात एक घातलेल्या पांढऱ्या पराती वाटाव्यात तसं.

मी सव्वीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. त्यामुळे मी त्या तुकड्यांकडे शिंपिणीच्या नजरेनंच पाहिलं. हे तर न शिवलेलं कापड! फरक एवढाच, की कापडाला आपण माया ठेवतो. बाई अंगानं भरली की शिवण उसवायची, आतली माया सोडायची, ब्लाउज पुन्हा बसतो. प्लास्टिकला ती सोय नाही. एकदा कापलं की कापलं. म्हणून मी तिला पहिल्याच रात्री सांगितलं, ‘बाई गं, माया ठेवून काप. नंतर घासून कमी करता येईल, वाढवता येणार नाही.’ ती हसली. म्हणाली, तिकडचे जाणते लोकही हेच सांगतात.

मग आमची शाळा सुरू झाली. पत्रा कात्रीनं सरळ कापायचा नाही, ब्लेडनं खाच पाडायची आणि हळूच मोडायचा. मनगटाजवळची आत वळलेली कड काढायची, नाहीतर ती चावते. चिकटवायला रबरासारखा गोंद, सुकायला पूर्ण दिवस घेतो, पण बिनसलं तर ओढून काढता येतो. म्हणजे आपला धावदोराच की! तुकडे धरून ठेवायला लोहचुंबक. ते आणायला राणीगंजला गेलो. दुकानदारानं तीस लोहचुंबक मोजून देताना विचारलं, ‘क्या बनारे अम्मा?’ मी म्हटलं, ‘सिपाही का कपडा.’ त्यानं आणखी दोन फुकट दिले. इलॅस्टिक आणि टिचबटणं मात्र मी जनरल बाजारातून माझ्या नेहमीच्या दुकानातून घेतली.

घरात कुरबुर झालीच. शिपायाच्या कमरेला पिस्तुलाचं म्यान असतं, आणि चित्रपटातलं ते चामड्याचं आहे. आमच्या घरात चामडं येत नाही. पाकीटसुद्धा नाही. भाचीनं एका शब्दानं वाद घातला नाही, रेक्झिनचं म्यान मीच मशीनवर शिवून दिलं. पण सासूबाईंचा प्रश्न पुढचा होता. ‘म्यान कशाचं का असेना, आत बंदूक आहे ना? जैनाच्या पोरीला बंदूक कशाला?’ तेव्हा भाची त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, ‘आजी, या शिपायांचा नेम कधीच लागत नाही. त्यासाठीच ते जगभर प्रसिद्ध आहेत.’ सासूबाईंनी खात्री करून घेतली. एकालाही लागत नाही? सहसा नाही. मग हरकत नाही, म्हणाल्या.

इथवर सगळं गमतीचं. पण छाती आणि पाठ जोडायची वेळ आली, तेव्हा काम थांबलं. आठवडा गेला, दोन गेले. तुकडे तसेच पडून. एका रविवारी दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, ‘आत्या, दार लाव. पाठीचं माप घे.’

तिच्या पाठीचं माप तेरा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

तेराव्या वर्षी तिच्या पाठीचा कणा एका बाजूला वळत असल्याचं लक्षात आलं. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयात होतो, आणि उपचार करावा लागेल इतका वाक मुलींमध्ये जास्त दिसतो. तिला प्लास्टिकचा पट्टा दिला होता. पट्टा कसला, काखेपासून कमरेखालपर्यंतचं टणक कवचच. अंगाचा साचा घ्यायचा, प्लास्टिकचा पत्रा तापवायचा, साच्यावर ओढायचा. वाचलंत ना? तीच रीत. दिवसाचे वीस तास ते घालायचं, वाढ थांबेपर्यंत. त्यानं कणा सरळ होत नाही, वाक वाढायचा थांबतो. तिचा थांबला. पण परभणीच्या उन्हाळ्यात, शाळेच्या गणवेशाखाली, ते वीस तास. वर दोन मापं मोठा ड्रेस, म्हणजे कुणाला दिसू नये. वहिनीची तेव्हापासून एकच काळजी, बाहेर कळता कामा नये. लग्नकार्यात पोर भिंतीला पाठ लावून उभी राहायची. माझ्याकडे एवढी वर्षं राहूनही ब्लाउज तयारच विकत आणायची. शिंपीण आत्या घरात असून! मी कधी विचारलं नाही. तिचा अंगरखा तिच्यापाशी.

मी टेप घेतली. उजवा खांदा डाव्यापेक्षा पावणेदोन सेंटिमीटर वर. उजव्या बाजूच्या बरगड्या मागे किंचित आलेल्या. मी आकडे वहीत लिहिले, जसे कुणाचेही लिहिते. ती म्हणाली, ‘खूप आहे ना?’ मी तिला माझी जुनी वही दाखवली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे दोन खांद्यांची मापं वेगवेगळी. सव्वीस वर्षांत दोन्ही खांदे अगदी सारखे असलेली बाई मला अजून भेटायची आहे. हिचा फरक जास्त आहे, हे खरं. ते मी लपवलं नाही. पण वहीत त्यासाठी वेगळा रकाना नाही.

मग आम्ही बसून बेत केला. डाव्या खांद्याला आतून फोमची गादी, ब्लाउजला पॅड लावतो तशी. पाठीचा तुकडा उजवीकडे उकळत्या पाण्यात मऊ करून जरासा उघडायचा. डाव्या कमरेला फट राहत होती, तिथे प्लास्टिकची दोन सेंटिमीटरची पट्टी जोडायची. म्हणजे कापताना नसलेली माया मागून द्यायची. शिवाय हे तुकडे उंच्यापुऱ्या पुरुषाच्या मापाचे आणि आमची पोर पाच फूट दोन इंच. मांड्यांचे, पोटऱ्यांचे तुकडे कमी करता करता बोटांना फोड आले.

त्या दिवसांत तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती मी अनेकींना सांगत असते. 1977 च्या त्या मूळ शिरस्त्राणाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. हातानं घडवलेल्या मातीवरून साचा निघाला, त्यामुळे एक बाजू दुसरीशी जुळत नाही. पुढच्या काळातल्या चित्रपटांत संगणकावर आखून दोन्ही बाजू सारख्या केल्या. पण ज्याला मूळचं, पडद्यावरचं हवंय, त्याला वाकडंच बनवावं लागतं. सरळ केलं तर नापास! हे सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

या शिरस्त्राणावरून इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. प्रश्न असा, की हे शिल्प आहे का? 2011 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, शिल्प नव्हे, चित्रपटात वापरायची ती वेशभूषेतली वस्तू. मला तो निकाल पटला. वस्त्र कोणाच्या तरी अंगावर चढण्यासाठी असतं, आणि अंग आलं की माप आलं.

अशी चिलखतं घालणाऱ्यांची ‘501वी लीजन’ नावाची मोठी जागतिक संघटना आहे. 1997 मध्ये अमेरिकेतल्या अल्बिन जॉन्सन यांनी ती सुरू केली. त्यांचा एक पाय अपघातानंतर कापावा लागला होता. कवचाच्या आत कोणता पाय स्वतःचा आणि कोणता कृत्रिम, हे कुणाला कळणार? पुढे त्यांची छोटी मुलगी केटी मेंदूच्या कर्करोगानं आजारी पडली, तेव्हा चाहत्यांनी तिच्यासाठी गुलाबी रंगाचा यंत्रमानव बनवला. 2005 मध्ये ती गेली. ही सगळी माणसं चिलखत घालून रुग्णालयात मुलांना भेटतात, मदतनिधी गोळा करतात. दुष्टांचा वेश, काम भल्याचं.

हायटेक्सचा दिवस आला. घालायलाच पाऊण तास लागला. आधी काळा तंग पोशाख, मग खालून वर एकेक तुकडा. चिलखतात नीट बसता येत नाही, खाली वाकता येत नाही, शिरस्त्राणातून समोरचं तेवढं दिसतं आणि श्वासानं काचेवर वाफ धरते. पाणी प्यायचं तर कुणीतरी नळी धरावी लागते. मी पिशवीत सुई-दोरा, जादा टिचबटणं आणि गोंद घेऊन मागे मागे. ‘कल्की 2898 एडी’ आपल्या हैदराबादच्याच मंडळींनी बनवलेला, तेव्हा त्यातल्या भैरवाच्या वेशातली मुलंही दिसली. लहान पोरं भाचीसोबत फोटो काढायला रांग लावून उभी. ती मैदानाच्या मधोमध उभी होती, चारी बाजूंनी माणसं. पाठीमागे भिंत नव्हती.

आत गादी होती, पट्टी होती, पाठ होती तशीच होती. पण या वेळी कवच तिनं स्वतः निवडलं होतं, स्वतः कापलं होतं आणि कपड्यांच्या वर घातलं होतं.

मागच्या महिन्यात लातूरचं स्थळ आलं. वहिनी दोन दिवस आधीच परभणीहून येऊन बसलेली. तिनं बजावलं होतं, पाठीचं लगेच काढायचं नाही, तो भिंतीवरचा फोटोही उतरवा. फोटो उतरला नाही. मुलाच्या आईनं विचारलं, ‘हे कोण?’ भाची म्हणाली, ‘मी.’ आणि चहा संपायच्या आत तिनं पाठीचंही सांगितलं, सगळं, अंशांच्या आकड्यासकट. वहिनीनं पदर तोंडाला लावला. पाहुणे कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, आणि भाचीनं अजून विचारलेलं नाही.

जाताना मुलाची आई चपला घालता घालता पुन्हा त्या फोटोकडे वळली. ‘एवढं सगळं एकटीला घालता येतं का हो?’

मी म्हटलं, ‘नाही जमत. मागची टिचबटणं दुसऱ्यानंच लावावी लागतात.’